काटकोनाच्या अलीकडे

पडद्यावर रेघ ओढायला घेतली की तिचं एक टोक जागेवर बसतं आणि दुसरं माउसबरोबर फिरत राहतं. त्या फिरत्या टोकाजवळ एक छोटा आकडा हलत असतो. ८८, ८९, ९१, परत ८९. हाताला कितीही आवर घाला, नव्वदवर तो थांबेलच असं नाही. थांबलासा वाटतो आणि क्लिक करेपर्यंत निसटतो. म्हणून मग डावा हात आपसूक एफ-८ कडे जातो. ते बटण दाबलं की रेघ मुकाट्यानं आडवी होते नाहीतर उभी. अधलंमधलं काही ती ऐकूनच घेत नाही. ऑफिसात याला ‘ऑर्थो’ म्हणतात. ऑर्थो लावून बसणाऱ्याला संध्याकाळपर्यंत जगात इतरही कोन आहेत याचा विसर पडतो, इतकी ती सोय गोड आहे.

अधलामधला कोन हवा असेल तर तो सांगावा लागतो. आधी लांबी टाइप करायची, मग शिफ्ट धरून स्वल्पविरामाचं बटण दाबायचं, की पडद्यावर कोनाची उघडी चोच उमटते. तिच्यापुढे अंश. नुसते अंश पुरत नसतील तर मिनिटं आणि सेकंदंही देता येतात. अंशाच्या गोळ्याला कीबोर्डवर जागा नाही, म्हणून तिथं इंग्रजी ‘डी’ लिहायचा. हवं असेल तर दशांशचिन्हापुढे आठ घरांपर्यंत जायची मुभा आहे. आठ घरं! एवढा बारीक कोन मागणारं गिऱ्हाईक मला अजून भेटलेलं नाही. पण मागितला तर यंत्र नाही म्हणणार नाही, हे माहीत असणं वेगळंच सुख आहे. माणसांना काम सांगताना असं सुख मिळत नाही.

नकाशे काढायच्या ऑटोकॅड या सॉफ्टवेअरचा शून्य पूर्वेला असतो, घड्याळात तीन वाजतात त्या बाजूला. तिथून काट्यांच्या उलट फिरत गेलं की नव्वदवर उत्तर लागते, एकशेऐंशीवर पश्चिम, दोनशेसत्तरवर दक्षिण. शाळेतल्या भूमितीच्या वहीतही असंच होतं, त्यामुळे नवख्याला काही खटकत नाही. मोजणीवाल्यांचा शून्य मात्र उत्तरेला, आणि तो काट्यांच्या दिशेनं फिरतो. एकाच शेताच्या एकाच धुऱ्याला, म्हणजे बांधाला, आम्ही साठ म्हणतो, ते तीस म्हणतात, आणि दोघंही बरोबर असतो. त्यांच्यासाठी याच सॉफ्टवेअरमध्ये ‘सर्व्हेयर्स युनिट्स’ आहेत. त्यात कोन लिहिताना आधी उत्तर की दक्षिण ते सांगायचं, मग अंश, मग पूर्व की पश्चिम. म्हणजे कुठं तोंड करून उभं राहायचं ते आधी, आणि किती वळायचं, कुणाकडे वळायचं ते नंतर. मला ही पद्धत आवडते. तिच्यात कुणीतरी खरोखर शेतात उभं आहे असं वाटतं. आमच्या पद्धतीत कुणीच कुठं उभं नसतं.

मी आयटीआयला ड्राफ्ट्समन सिव्हिल करत होते तेव्हा हा हलता आकडा नव्हता. लाकडी बोर्ड, त्यावर क्लिपांनी ताणलेला कागद, मिनी ड्राफ्टर आणि दोन सेट स्क्वेअर. एक पंचेचाळीसचा, एक तीस-साठचा. दोन्ही एकमेकांना भिडवले की पंधराच्या पाढ्यातला कुठलाही कोन निघायचा. पाढ्याबाहेरचा कोन हवा झाला की कंपासपेटीतला कोनमापक काढायचा, आणि कोनमापकावर अर्ध्या अंशाच्या खाली डोळा पोचत नाही. पुढे ट्रेसिंग पेपरवर शाईचं काम आलं. शाईच्या रेघेला अंग असतं. ०.३ च्या पेननं वीतभर रेघ ओढली तर तिची जाडीच पाच मिनिटांचा कोन गिळून बसते. त्यापेक्षा बारीक बोलायचं म्हटलं तरी कागद बोलू देत नसे. रेघ चुकली की ब्लेडनं हलक्या हातानं शाई खरवडायची, नखानं ती जागा गुळगुळीत करायची आणि पुन्हा ओढायची. जुन्या ट्रेसिंगवर बोट फिरवलं तर कुठला कोन कितीदा बदलला ते आजही बोटाला कळतं.

यंत्रावर अशी खरवड राहत नाही, आणि तिथंच एक गोम आहे. नवीन फाइल उघडली की कोनाची अचूकता शून्य घरांवर लावलेली असते. म्हणजे रेघ ८९.६ वर असली तरी पडद्यावर ९० लिहून येतं. यंत्राच्या पोटात मात्र पंधरा-सोळा अंकांपर्यंतचा खरा आकडा शाबूत असतो. कुणीतरी ऑर्थो न लावता, डोळ्याच्या अंदाजानं ओढलेल्या भिंती हाती येतात. सगळीकडे नव्वद लिहिलेलं. आणि तरी हॅच भरायला जावं तर भरत नाही, कोपरे जोडायला जावं तर केसभर फट राहते, समांतर म्हणून घेतलेल्या दोन भिंती लांब नेल्या की एकमेकींकडे झुकायला लागतात. अशी फाइल आली की मी आधी अचूकता वाढवून बघते. मग नव्वदांची सोंगं एकेक करून उतरतात. ८९.६, ९०.२, ८९.९९७. शेवटचा तो सगळ्यात त्रासदायक. ८९ सरळ सांगतो की मी ८९ आहे. ८९.९९७ ला पकडायला अर्धी दुपार जाते.

आमच्या ऑफिसात येणारं काम बहुतेक घरांचं. नालवाडी, पिपरी, सिंदी, बोरगाव, म्हणजे वर्ध्याभोवती जे लेआउट पडत गेले त्यांतल्या प्लॉटांवरची घरं. वर्धा स्वतः आखून वसवलेलं शहर. १८६६ साली पालकवाडी गावाच्या जागेवर जिल्ह्याचं ठाणं आणलं, तेव्हा कुणीतरी कागदावर पट्टी ठेवून रस्ते ओढले असणार. शेतं मात्र कुणी पट्टी ठेवून पाडलेली नव्हती. धुरा जातो तो नाल्याच्या वळणानं, जुन्या बाभळीच्या रांगेनं, नाहीतर दोन भावांच्या वाटणीत ज्याचा आवाज मोठा त्याच्या सोयीनं. मग शेत एन.ए. होतं, लेआउट पडतो. मधले प्लॉट ३० बाय ५० चे, छान सरळ निघतात. तिरपेपणा सगळा धुऱ्याकडे सरकत जातो आणि कडेच्या प्लॉटांच्या वाट्याला येतो. तेच प्लॉट मागाहून विकले जातात, थोडे स्वस्तात.

एसटीतून निवृत्त झालेले एक वाहक आणि त्यांचा धाकटा भाऊ, दोघांनी मिळून असा एक कडेचा प्लॉट घेतला आणि नकाशासाठी आमच्याकडे आले. टेप टाकून मापं आणली. रस्त्याकडची बाजू ३० फूट, डावी बाजू ५० फूट आणि त्या दोन टोकांमधला कर्ण ५७ फूट. कोपरा काटकोनात असता तर कर्ण ५८ फूट पावणेचार इंच भरला असता. असा प्लॉट पडद्यावर मांडायची रीत सोपी आहे. रस्त्याच्या रेघेच्या एका टोकावर ५० फुटांचं वर्तुळ टाकायचं, दुसऱ्या टोकावर ५७ चं. दोन वर्तुळं जिथं छेदतात तो मागचा कोपरा. मग वर्तुळं पुसून टाकायची. या सगळ्यात मी कुठंही कोन टाइप करत नाही. तीन लांब्या देते आणि कोन काय आहे ते जमीन सांगते. दिवसभर कोनांचे हुकूम सोडणाऱ्या माणसाला असा एखादा कोन विचारून घ्यावा लागला की बरं वाटतं.

कोन आला ८७. अचूकता वाढवली तर ८७.१, मग ८७.११, आणि शेवटी ८७ अंश ६ मिनिटं ५४ सेकंद. इतका ठाम आकडा बघितला की त्याच्यावर विश्वास बसतो. पण टेप दोघांनी दोन टोकांना धरलेला, मधे गवत, वारा. तो इंचभर जरी सैल पडला असेल तरी हाच कोन अकरा मिनिटांनी इकडचा तिकडे होतो. अकरा मिनिटांचा जिथं भरवसा नाही तिथं चोपन्न सेकंदांचं काय घेऊन बसायचं? मी नकाशावर ८७.१ लिहिलं. खरं तर दशांशापुढचा तो एकसुद्धा थोडा भीतभीतच लिहिला.

८७ म्हणजे काटकोनाला तीन कमी, ऐकायला किरकोळ. पण ५० फूट मागे जाईपर्यंत ते तीन अंश अडीच फुटांची पाचर होतात. घर रस्त्याला सरळ मांडलं तर डाव्या हाताला ही पाचर राहते. घर धुऱ्याला सरळ मांडलं तर दारात उभं राहिल्यावर अख्खं घर मान वाकडी करून बघतंय असं वाटतं. शिवाय पुढची बाजू ३० आणि मागची साडेसत्तावीस, म्हणजे प्लॉट वाघमुखी. हे कळल्यावर थोरल्या भावाचा चेहरा उतरला. उलट असता, पुढे अरुंद मागे रुंद, तर गोमुखी म्हणून पेढे वाटले असते. ते थोडा वेळ पडद्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, “मॅडम, कागदावर तरी सरळ करून द्या ना.” कागदावर सरळ करणं म्हणजे चार अक्षरं टाइप करणं. ते किती सोपं आहे हे त्यांना माहीत नव्हतं हे बरंच झालं.

त्यांचा मिस्त्री बरोबर आला होता, साठीचा, कानात पेन्सिल. तो म्हणाला, “जमीन हाये तशी हाये. घर गुण्यात मांडा, पाचरीत झाडं लावा.” मिस्त्रीचं काटकोनाशी नातं आमच्यासारखं नाही. त्याला तो दर साइटवर नव्यानं जन्माला घालावा लागतो. खुंट्या ठोकायच्या, लाइनदोरी ताणायची, एका दोरीवर तीन फुटांवर खूण, दुसरीवर चार फुटांवर, आणि दोन खुणांमध्ये पाच फूट येईपर्यंत दोरी सरकवत राहायचं. साइट मोठी असेल तर सहा-आठ-दहा. मग चारही बाजू झाल्यावर दोन्ही कर्ण मोजायचे, ते सारखे आले की दोरीखालून फक्की मारायची. दोरीनं काटकोन काढायची ही विद्या यज्ञवेदी मांडणाऱ्यांच्या शुल्बसूत्रांत आहे. आमचा मिस्त्री शुल्बसूत्रांचं नावही ऐकून नसेल. पाच येईस्तोवर तो दोरी सरकवतो, आणि पाच आले की त्याच्या चेहऱ्यावर जे येतं ते एफ-८ दाबताना माझ्या चेहऱ्यावर कधी आलं नसेल.

त्रिकोणानं जमीन मांडायची म्हटलं की मला हिंगणघाट आठवतं. वर्ध्याहून एसटीनं जेमतेम तासाभराचं, वणा नदीकाठचं, कापसाच्या बाजाराचं गाव. तिथं विल्यम लॅम्बटन या इंग्रज अधिकाऱ्याची कबर आहे. हिंदुस्थानची त्रिकोणमितीनं मोजणी सुरू करणारा तो हाच. साठी ओलांडलेली, तब्येत खालावलेली, तरी हैदराबादहून नागपूरकडे निघाला होता. जानेवारी १८२३ मध्ये तळ हिंगणघाटला होता तेव्हा तो तिथंच गेला. त्याची जागा ज्यानं घेतली त्या जॉर्ज एव्हरेस्टचं नाव पुढे जगातल्या सगळ्यात उंच शिखराला लागलं. लॅम्बटनच्या नावाचं शिखर नाही. त्याच्या वाट्याला आमचा सपाट काळ्या मातीचा मुलूख आला. इथं उंचवटा दाखवा म्हटलं तर माणूस गिरडच्या टेकडीकडे बोट दाखवतो.

त्याची रीत आमच्या नेमकी उलट होती. आम्ही लांब्या देतो आणि कोन मिळवतो. त्यानं लांबी अगदी थोड्या ठिकाणी मोजली आणि बाकी सगळं कोनांवर सोडलं. त्यातली एक लांबी मद्रासजवळ सेंट थॉमस माउंटला, १० एप्रिल १८०२ पासून, साडेसात मैल, शंभर फुटी पोलादी साखळीनं. त्याला ५७ दिवस लागले. ती साखळीही मजेशीर. चीनच्या बादशहाला नजराणा म्हणून नेलेली, त्यानं नको म्हटली म्हणून फिरत फिरत हिंदुस्थानात आलेली. साडेसात मैलांना सत्तावन्न दिवस म्हटल्यावर हा माणूस साखळी अंथरत कन्याकुमारीपासून वर येऊ शकणार नव्हताच. मग त्या मोजलेल्या लांबीच्या, म्हणजे पायाच्या, दोन टोकांवरून दूरच्या एका उंच खुणेकडे दुर्बीण लावायची, दोन कोन वाचायचे, की त्रिकोण बंद होतो आणि उरलेल्या दोन बाजू हिशेबानं हाती येतात. त्यातली एक बाजू पुढच्या त्रिकोणाचा पाया. असं करत टेकडीवरून टेकडीवर, गोपुरावरून गोपुरावर.

त्यासाठीचा थिओडोलाइट लंडनच्या विल्यम कॅरीकडे घडवलेला होता. कोन वाचायचं चाक ३६ इंच व्यासाचं, सगळं मिळून वजन अर्धा टन. येताना जहाज फ्रेंचांच्या हाती लागलं आणि यंत्र मॉरिशसला गेलं. तिथल्या फ्रेंच गव्हर्नरानं ते इमानानं मद्रासला पाठवून दिलं. १८०८ साली तंजावरला बृहदीश्वराच्या देवळावर ते चढवताना दोर तुटला आणि यंत्र भिंतीवर आदळलं. तंजावर म्हटलं की मराठी माणसाचा कान तिकडे लागतोच. गादीवर सरफोजीराजे होते, आणि याच देवळाच्या भिंतीवर १८०३ मध्ये त्यांनी भोसल्यांचा इतिहास मराठीत कोरून घेतला होता. त्या आवारात चाक वाकलं. दुसऱ्या कुणी यंत्र मोडीत काढलं असतं. लॅम्बटननं ते घेऊन स्वतःला तंबूत कोंडून घेतलं आणि सहा आठवडे थोडं ओढत, थोडं ठोकत, चाकाची गोलाई परत आणली. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा दोरापेक्षा, आदळण्यापेक्षा, ते सहा आठवडे डोक्यात राहिले. ज्या चाकावरून कोन वाचायचे ते चाकच गोल आहे की नाही हे कशावरून ठरवलं असेल त्यानं? पहिला कोन नसताना दुसरा कोन कशाशी ताडून बघायचा?

एका खुणेचा कोन तो एकदा वाचून पुढे जात नसे. पुन्हा वाचायचा, परत वाचायचा, चाकाची बाजू बदलून वाचायचा. उन्हाळ्यात जमिनीवरची हवा थरथरते आणि दूरची खूण तिच्यात पोहत राहते. ज्यांनी मे महिन्यात देवळी रस्त्याला दुपारी नजर टाकली आहे त्यांना हे सांगायला नको. पाऊस पडून गेल्यावर हवा धुतली जाते, तेव्हा लांबचं दिसतं. पण तेव्हाच ओढे भरतात आणि तापाची साथ येते. कोनातली एका सेकंदाची चूक पन्नास किलोमीटरवर वीतभर भरते. एका अंशाचे तीन हजार सहाशे भाग करून त्यातल्या एकासाठी माणसं तापानं फणफणत होती. आणि इथं माझ्या मागच्या टेबलावरचा नवा मुलगा दशांशाची आठ घरं लावून ठेवतो, कारण ‘दिसायला भारी दिसतं’.

लॅम्बटनच्या हिशेबात आणखी एक भानगड होती, आणि तीच मला सगळ्यात जास्त आवडते. त्रिकोणाच्या तीन कोनांची बेरीज १८० अंश हे आपण सातवी-आठवीत घोकलेलं. त्याच्या त्रिकोणांची बेरीज १८० पेक्षा जास्त यायची, आणि ती तशी यायलाच हवी होती. जमीन गोल आहे. गोलावरचा त्रिकोण किंचित फुगतो. साधारण १९७ चौरस किलोमीटर क्षेत्रामागे एक सेकंद, असा त्या फुगवट्याचा दर आहे. आपला वर्धा जिल्हा आहे सुमारे ६३०० चौरस किलोमीटर. एवढ्याच क्षेत्राचा एकच मोठा त्रिकोण आखला, तर कोनांची बेरीज भरेल १८० अंश आणि वर बत्तीसेक सेकंद. माझ्या पडद्यावरची जमीन मात्र अशी सपाट की आर्वीपासून समुद्रपूरपर्यंत त्रिकोण टाकला तरी उत्तर बरोब्बर १८०, आठही घरं शून्य. नेमकं, आणि जमिनीला धरून नसलेलं. त्या वाहकसाहेबांच्या प्लॉटच्या त्रिकोणातही हा फुगवटा असतोच, फक्त तो कुठल्याच यंत्राच्या हाती लागण्याजोगा नाही. सातबाऱ्यावर तर नाहीच नाही.

जमिनीवरचे कोन जाऊ द्या, आपलं घर आकाशातल्या कोनांवर चालतं याचीही आपल्याला फारशी जाणीव नसते. स्वयंपाकघराच्या दारामागे टांगलेल्या पंचांगात तिथी असते. तिथी म्हणजे चंद्र सूर्याच्या बारा अंश पुढे सरकायला घेतो तेवढा काळ. शुक्ल चतुर्थी म्हणजे चंद्र सूर्याच्या ३६ अंश पुढे गेल्यापासून ४८ अंश होईपर्यंत. गणपती कधी बसवायचा ते असं कोनावर ठरतं. आई जेव्हा म्हणायची, “आज चतुर्थी सकाळी दहापर्यंतच आहे,” तेव्हा ती एक कोन मिनिटापर्यंत सांगत होती. तिला अचूकतेची किती घरं लावली आहेत असं कुणी विचारलं नाही.

सूर्याचा कोन तर आम्हाला रोज लागतो, छज्जा किती पुढे काढायचा ते ठरवायला. वर्धा पावणेएकवीस अक्षांशांवर. डिसेंबरच्या शेवटी भर दुपारी सूर्य दक्षिणेला सेहेचाळीस अंशांवर असतो, म्हणजे माणूस आणि त्याची सावली जवळजवळ सारख्या उंचीचे. तेव्हा दक्षिणेच्या खिडकीतून ऊन पार आतल्या भिंतीपर्यंत येतं, आणि ते यावं असंच वाटतं. मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात तो थेट डोक्यावर येतो आणि उभ्या खांबाची सावली खांबाच्या पायातच विरते. तिथंही तो थांबत नाही. जूनच्या एकविसाला दुपारी तो डोक्यावरून पुढे, उत्तरेकडे पावणेतीन अंश झुकलेला असतो. उत्तरेच्या खिडकीला छज्जा कशाला, असं विचारणारं गिऱ्हाईक आलं की मी त्याला हे पावणेतीन अंश सांगते. पटतं कधी, कधी नाही. स्लॅबचे पैसे वाचतात म्हटल्यावर सूर्याचं कोण ऐकतो?

उताराच्या बाबतीत मिस्त्री अंश बोलतच नाहीत. कवेलूच्या छपराला ते ‘दोन हाताला एक हात’ म्हणतात. दोन हात आत गेलं की एक हात चढ. यंत्र त्याला २६.५७ म्हणतं. दोन्हीपैकी पाऊस कशाचं ऐकतो ते उघड आहे. सेवाग्रामला १९३६ नंतर ज्या कुट्या उभ्या राहिल्या, मातीच्या भिंती, बांबू, वर कवेलू, त्यांना अंशांत कुणी मापलं असेलसं वाटत नाही. बापूकुटीच्या बांधणीत होईल तेवढा कमी खर्च व्हावा, एवढंच बंधन मोठं होतं म्हणतात. लिंपून लिंपून मातीच्या भिंतीचा कोपरा गोलसर होत जातो. अशा कोपऱ्याचा कोन मोजायचा म्हटलं तर कोनमापक टेकवायचा तरी कुठं? आमच्या यंत्रात त्यासाठी ‘फिलेट’ आहे. आधी टोकदार कोपरा काढायचा आणि मग त्रिज्या देऊन तो गोल करायचा. लिंपणाऱ्या बाईच्या हाताला मात्र टोकदार कोपरा मुळात ठाऊकच नसतो.

आणि गच्चीचा ढाळ. शंभर फुटांना एक फूट, म्हणजे अर्ध्या अंशाहून जरासा जास्त. पडद्यावर हा कोन काढला तर रेघ आडवीच दिसते, मला स्वतःला झूम करून खात्री करावी लागते. गच्चीवर उभ्या माणसाला तो जाणवत नाही. पाण्याला जाणवतो. पहिल्या जोराच्या पावसानंतर गच्चीवर जाऊन बघावं, पाइपाच्या तोंडाकडे न जाता एखादं डबकं कोपऱ्यात निवांत बसलेलं असतं, आणि मिस्त्री त्याच्याकडे असा बघतो, जणू परीक्षेत अनपेक्षित प्रश्न आलाय.

त्या दोन भावांचा नकाशा शेवटी झाला. घर रस्त्याला सरळ, पाचरीला कढीपत्ता आणि शेवगा. राहिला होता फक्त उत्तरेचा बाण. तो नकाशाच्या कोपऱ्यात असतो, दोन इंचांचा, पण वास्तुवाल्यांचं सगळं त्याच्यावर. आठ दिशांत पंचेचाळीस-पंचेचाळीस अंश वाटले की पूर्व आणि ईशान्य यांची हद्द उत्तरेपासून साडेसदुसष्ट अंशांवर पडते. प्लॉटचं तोंड नेमकं त्या हद्दीवर. साइटवर थोरल्यांनी मोबाइलचा कंपास काढला, तो म्हणाला ६६. म्हणजे ईशान्यमुखी. धाकट्यांच्या मोबाइलवर ६९ आले. म्हणजे पूर्वमुखी. मग दोघंही एकमेकांचे मोबाइल घेऊन फिरले. शेजारी सळाखींचा ढीग पडलेला, त्याच्याजवळ गेलं की दोन्ही मोबाइल भलतीकडेच बोट दाखवायला लागले. खऱ्या उत्तरेत आणि चुंबकाच्या उत्तरेत आपल्याकडे अंशभराचाही फरक नाही, असं मी सांगून पाहिलं. त्यानं कुणाचंच समाधान झालं नाही.

“मॅडम, तुमीच टाका एक आकडा,” थोरले म्हणाले. “यंत्रात येतच असंल ना.”

“काहून?” धाकट्यांनी विचारलं. “तुमाले ईशान्य पायजे म्हणून?”

मिस्त्रीनं तोवर एक सरळशी सळाख उचलून उभी धरली होती. ही इथं ओळंब्यात रोवू, तो म्हणाला, बुडाशी दोरीनं गोल काढू. सकाळी सावलीचं टोक गोलाला लागंल तिथं एक खूण, दुपारनंतर परत लागंल तिथं दुसरी. दोन खुणा जोडल्या का पूर्व-पश्चिम निघते. त्याच्या बापानं असंच काढलं होतं.

दोघा भावांना ते पटलं. सळाख कुठं रोवायची यावरून थोडं झालं, पण पटलं.

“आन् उद्या आभाळ आलं तं?” धाकट्यांनी विचारलं.

जुलैचा पहिला आठवडा होता. फाइल सोमवारी नगर परिषदेत द्यायची होती. मी विचारलं, “तुमच्यापैकी उद्या सकाळी कोण येतंय?”